अभ्यासाचा विषय आणि आयुष्याचा व्यवसाय

दरवर्षीं दहावी-बारावीचे निकाल लागले कीं आपल्याकडील हजारों घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलानें पुढें कोणता विषय घ्यावा? वडिलांचें मत एक असतें, मामांचें दुसरें असतें, आणि शेजारच्या गृहस्थांचा पुतण्या पुण्यास एखाद्या संगणकाच्या कंपनींत लागलेला असल्यामुळें त्यांचें मत सर्वांहून ठाम असतें. ज्याला पुढचीं तीन-चार वर्षें तो विषय शिकावयाचा आहे, आणि त्यानंतर चाळीस वर्षें त्याच्या बऱ्यावाईट परिणामांसह संसार करावयाचा आहे, तो पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा मात्र एका कोपऱ्यांत बसून सर्वांचीं तोंडें पाहत असतो. मुलीच्या बाबतींत तर तिला त्या बैठकींत बसवून घेतलें, एवढेंच पुष्कळ झालें असें समजणारीं घरें अद्यापि आहेत.

ह्या चर्चेंत दोन टोकांचीं मतें हटकून ऐकूं येतात. एक मत असें कीं, विषय हेंच सर्वस्व आहे. तो चुकला कीं आयुष्य चुकलें. दुसरें मत असें कीं, विषयांत काय आहे? पदवी हातीं पडली म्हणजे झालें. पुढें ज्याचें त्याचें नशीब. आजच्या भाषणांत ह्या दोनहि मतांची थोडी तपासणी करण्याचा माझा विचार आहे.

विद्यार्थी कॉलेजांत जो मुख्य विषय घेतो, तो त्याला तीन निरनिराळ्या वस्तु देतो. पहिली वस्तु म्हणजे दार. अमुक विषय घेतल्यानें अमुक धंद्यांत शिरतां येतें, तें दार. दुसरी वस्तु म्हणजे हत्यार. हिशेब मांडणें, आराखडा काढणें, पदार्थांचें पृथक्करण करणें, भाषांतर करणें, असें एखादें कौशल्य म्हणजे हत्यार. आणि तिसरी वस्तु म्हणजे मनाचें वळण. समोर आलेल्या प्रश्नाला कोणत्या बाजूनें हात घालावयाचा, पुरावा कशाला म्हणावयाचें, आणि आपल्याला कळलें नाहीं हें कसें ओळखावयाचें, ह्याची जी संवय लागते तिला मीं वळण म्हणतों. घरांतील चर्चा बहुधा पहिल्या वस्तूपाशींच संपते, कारण दार डोळ्यांना दिसतें. परंतु सगळ्या नोकरीचा हिशेब मांडला तर दाराचा उपयोग बहुधा एकदां होतो, हत्याराचा कांहीं वर्षें होतो, आणि वळणाचा जन्मभर होतो. तें कसें, हें आतां क्रमानें पाहूं.

प्रथम दाराचा विचार करूं. कांहीं धंद्यांचीं दारें विषयाच्याच किल्लीनें उघडतात. वैद्यकाची पदवी घेतल्याखेरीज कोणालाहि डॉक्टर म्हणून नांव नोंदवितां येत नाहीं, आणि त्या पदवीच्या वाटेला लागावयाचें तर त्याआधीं जीवशास्त्र शिकलेलें असावें लागतें. वकिलीचें दार ह्याहून रुंद आहे. बारावीनंतर पांच वर्षें सलग कायदा शिकतां येतो, किंवा दुसऱ्या कोणत्याहि विषयांत पदवी घेऊन मग तीन वर्षें शिकतां येतो. आणि सरकारी वरिष्ठ नोकरीचें दार तर सर्वांहून रुंद आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला मान्य विद्यापीठाची कोणतीहि पदवी चालते. ती इतिहासाची आहे कीं रसायनशास्त्राची, हें दारावर कोणी विचारीत नाहीं. तेव्हां वडील मंडळींनीं प्रथम एवढें पाहावें कीं, आपण ज्या धंद्याची चर्चा करीत आहों, त्याचें दार अरुंद आहे कीं रुंद. पुष्कळ घरांतील भांडणें एवढ्या चौकशीनेंच मिटण्यासारखीं असतात.

रुंद दाराचें उत्तम उदाहरण म्हणजे चिंतामणराव देशमुख. त्यांचा जन्म १८९६ सालीं कुलाबा जिल्ह्यांतला, रायगडाच्या परिसरांतला. मॅट्रिकच्या परीक्षेंत १९१२ सालीं ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. पुढें केंब्रिजला जाऊन त्यांनीं सृष्टिविज्ञान घेतलें: वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. वनस्पतिशास्त्रांत १९१७ सालीं त्यांना तेथील पारितोषिकहि मिळालें. लगेच १९१८ सालीं ते आय्. सी. एस्. च्या परीक्षेंत पहिले आले, आणि १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. त्यानंतर १९५० पासून १९५६ पर्यंत ते देशाचे अर्थमंत्री होते. आतां पानांफुलांची चिरफाड करणाऱ्या विद्यार्थ्यानें रुपयाचा कारभार कसा संभाळला, असा प्रश्न कोणीहि विचारील. त्याचें उत्तर असें कीं, त्या काळच्या परीक्षेनें त्यांच्या विषयाला किंमत दिली नाहीं. एखादा कठीण विषय मुळापासून शिकण्याच्या त्यांच्या ताकदीला किंमत दिली. अर्थव्यवहार त्यांनीं नोकरींत शिकून घेतला. आणि संस्कृत, ज्याचा त्यांच्या हुद्द्याशीं कांहींएक संबंध नव्हता, तें त्यांच्या सोबतीला अखेरपर्यंत राहिलें. ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद त्यांनीं केला तो बँकेच्या कारभाराच्या धामधुमींतच.

असें उदाहरण ऐकलें कीं दुसऱ्या मताचे लोक खूष होतात. विषयांत कांहीं नाहीं, हें सिद्ध झालें असें ते म्हणतात. त्यांना आंकड्यांचाहि आधार मिळूं शकेल. अमेरिकेच्या जनगणना खात्यानें २०१४ सालीं प्रसिद्ध केलें कीं, विज्ञान, तंत्रविद्या, अभियांत्रिकी आणि गणित ह्या विषयांत पदवी घेतलेल्यांपैकीं शेंकडा ७४ लोक त्या विषयांच्या धंद्यांत नाहींत. म्हणजे चारांपैकीं जवळजवळ तीन माणसें शिकलीं एक आणि करतात दुसरें. परंतु ह्यावरून विषय निरर्थक ठरतो असें मात्र नव्हे, कारण उलट बाजूचा पुरावाहि तितकाच बळकट आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेंत अर्थशास्त्र हा मुख्य विषय घ्यावयाचा तर आरंभींच्या पाठांत चारांपैकीं २.८ सरासरी गुण मिळवावे लागत. झॅकरी ब्लीमर आणि आशिष मेहता ह्या दोघा संशोधकांनीं, हा आंकडा जेमतेम ओलांडलेले आणि जेमतेम हुकलेले, अशा विद्यार्थ्यांची तुलना केली. कल्पना अशी कीं, २.७९ वाला आणि २.८१ वाला ह्यांच्या बुद्धींत फरक तो काय असणार? फरक इतकाच कीं, एकाला अर्थशास्त्र मिळालें आणि दुसऱ्याला दुसऱ्या विषयाकडे वळावें लागलें. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत असें दिसलें कीं, ज्यांना काठावर अर्थशास्त्र मिळालें, त्यांची नोकरीच्या आरंभींच्या कांहीं वर्षांतील वार्षिक मिळकत सुमारें २२,००० डॉलरांनीं, म्हणजे शेंकडा ४६ नीं, अधिक होती. कारण तो विषय घेतलेले लोक पेढ्यांच्या आणि सावकारी व्यवहाराच्या धंद्यांकडे वळले. माणूस तोच, बुद्धि तीच, आणि केवळ विषयानें पगारांत एवढें अंतर पडलें! तेव्हां विषयांत काय आहे, असें म्हणणाऱ्यांनीं जरा जपून बोलावें.

शिवाय दाराची किंमत सर्वांना सारखी नसते, ही गोष्ट आपण सुखवस्तु लोक विसरतों. ज्याचे काका एखाद्या कारखान्यांत अधिकारी आहेत, त्यानें तत्त्वज्ञान घेतलें तरी त्याला कोठें तरी शिरावयास दुसरी वाट असते. ज्याच्या घरांत कॉलेजाची पायरी चढणारा तोच पहिला, त्याच्या पुढें विषयाखेरीज दुसरें दार नसतें. आणि घरीं पैसे पाठविण्यास त्याला विलंब लावून चालत नाहीं. अशा मुलाला “तुझ्या आवडीचें शीक, बाकी आपोआप होईल” असा उपदेश करणें सोपें आहे, पण तो उपदेश करणाराला त्याची किंमत द्यावी लागत नसते.

आणि कित्येकांच्या बाबतींत विषयानें उघडलेलें दार समाज पुन्हा लावून घेतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदें सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथें त्यांनीं मुख्यत्वेंकरून अर्थशास्त्राचा अभ्यास केला आणि १९१५ सालीं एम्. ए. ची पदवी मिळविली. लंडनला कांहीं काळ शिकून १९१७ सालीं ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हां अस्पृश्यतेमुळें त्या शहरांत त्यांना राहावयास जागा मिळूं शकली नाहीं आणि नोकरी सोडून परत यावें लागलें. त्या वेळीं आपल्या देशांत अर्थशास्त्राचें इतकें शिक्षण झालेलीं माणसें बोटांवर मोजण्याइतकीं होतीं. पण दार उघडण्यास नुसती विद्या पुरली नाहीं. पुढें त्यांनीं लंडनला परत जाऊन अर्थशास्त्राचा अभ्यास तर पुरा केलाच, पण त्याबरोबर बॅरिस्टरीचीहि परीक्षा दिली. कारण वकिली हा धंदा असा आहे कीं, त्यांत कोणाच्या मर्जीवर नेमणूक अवलंबून नसते. ज्यांच्यावर दारें बंद होतात, त्यांनीं स्वतंत्र धंद्याची एक किल्ली खिशांत ठेवावी, हा त्यांच्या आयुष्यांतील व्यवहारी धडा आजहि पुष्कळांनीं लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

तरी त्यांचें अर्थशास्त्र वायां गेलें काय? मुळींच नाहीं. ‘रुपयाचा प्रश्न’ हा त्यांचा लंडनचा प्रबंध १९२३ सालीं प्रसिद्ध झाला. ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ सालीं निघाला. मध्यवर्ती सरकार आणि प्रांत ह्यांनीं कराचा पैसा कसा वांटून घ्यावयाचा, हा त्या ग्रंथाचा विषय होता. पुढें बावीस वर्षांनीं, १९४७ सालीं, घटनेच्या मसुदा समितीचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें, तेव्हां संघराज्य आणि घटक राज्यें ह्यांच्यामधील पैशाची वांटणी हा प्रश्न त्यांना नवा नव्हता. आज घटनेच्या २८० व्या कलमानुसार ठराविक मुदतीनें वित्त आयोग नेमला जातो. त्या व्यवस्थेमागें अनेकांचे विचार आहेत, पण तो प्रश्न विद्यार्थीदशेंत ज्यानें मुळापासून तपासला होता, असा मनुष्य त्या वेळीं त्या जागेवर होता, ही गोष्ट लहान नव्हे.

आतां दुसरी वस्तु, हत्यार. हत्यार हातांत असणें फारच सोयीचें. कॉलेजांतून बाहेर पडल्याबरोबर मालकाला दाखवावयास कांहीं तरी असतें. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेंत रसांतील साखरेचें प्रमाण काढूं शकणारा रसायनशास्त्राचा पदवीधर पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो. परंतु हत्यार गंजतें. डेव्हिड डेमिंग आणि कदीम नोरे ह्या अमेरिकेंतील दोघा अर्थशास्त्रज्ञांनीं २०२० सालीं आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. त्यांना असें आढळलें कीं, संगणक, अभियांत्रिकी ह्यांसारख्या झपाट्यानें बदलणाऱ्या विषयांच्या पदवीधरांना आरंभीं पगार पुष्कळ अधिक मिळतो. पण नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत त्या अधिक पगाराचा निम्म्याहून जास्त भाग झिजून जातो. कारण उघड आहे. त्यांनीं जें हत्यार शिकून घेतलें, त्याची जागा नव्या हत्यारानें घेतलेली असते, आणि नवें हत्यार घेऊन नवीन पोरें बाजारांत आलेलीं असतात. ह्याचा अर्थ हे विषय घेऊं नयेत असा नव्हे. अर्थ इतकाच कीं, जे घेतील त्यांनीं पदवीच्या दिवशीं शिक्षण संपलें असें समजूं नये. इतरांनीं ही चूक केली तर त्यांना थोडी सवड मिळते. ह्यांना ती मिळत नाहीं.

हत्यार गंजलें तरी तें वापरतांना हाताला जें वळण लागलें तें मात्र जात नाहीं. ह्याचें एक नमुनेदार उदाहरण आपल्या घरचेंच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत चित्रकला शिकावयास गेले. तेथें असें आढळून आलें कीं, त्यांना कांहीं रंग नीट ओळखूं येत नाहींत. चित्रकाराच्या दृष्टीनें ह्याहून मोठी आपत्ति ती कोणती? परंतु त्यांनीं शाळा सोडली नाहीं. रंग सोडले आणि रेषा धरली. यंत्रांचीं रेखाचित्रें काढण्याचें शिक्षण त्यांनीं घेतलें, आणि पुढें मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेंत तेंच शिकविण्याची नोकरी केली. यंत्राचें रेखाचित्र म्हणजे काय? वस्तु वरून कशी दिसेल, समोरून कशी दिसेल, बाजूनें कशी दिसेल आणि मधोमध कापली तर आंत काय दिसेल, हें मापासह कागदावर आणणें. ज्याला ही संवय लागली, तो कोणतीहि वस्तु अखंड पाहत नाहीं. तिचे भाग पाहतो, आणि कोणता भाग बदलला तर ती अधिक चांगली चालेल हें पाहतो. बेळगांवास त्यांनीं सायकलींचें दुकान घातलें. मग कडबा कापण्याचें यंत्र केलें. मग लोखंडी नांगर केला. लोखंडानें जमिनींत विष कालवलें जाईल, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें पहिले नांगर कित्येक दिवस पडून राहिले. पण नांगराचा फाळ सुधारण्याचें काम चालूच राहिलें, आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. चित्रकलेच्या शाळेंतून चित्रकार निघाला नाहीं, कारखानदार निघाला. पण त्या कारखान्याचा पाया त्या शाळेंतील रेषेवर रचलेला होता.

तिसरी वस्तु वळण, हिचा उल्लेख आतां झालाच आहे. पण आईबापांनीं लादलेल्या विषयाचेंहि वळण उपयोगी पडूं शकतें काय, हा प्रश्न पुष्कळ घरांना जाचणारा आहे, म्हणून होमी भाभा ह्यांचें उदाहरण सांगतों. भाभा १९२७ सालीं केंब्रिजला गेले ते यंत्रशास्त्र शिकावयास. पुढें जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यांत त्यांनीं शिरावें, अशी वडिलांची इच्छा होती, आणि टाटांच्या घराण्याशीं नातेंहि होतें. मुलाचें मन मात्र भौतिकशास्त्रांत आणि गणितांत गुंतलें. तेव्हां बापलेकांत असा करार झाला कीं, यंत्रशास्त्राची परीक्षा पहिल्या वर्गांत उत्तीर्ण व्हावें, म्हणजे पुढच्या आवडीच्या अभ्यासाचा खर्च वडील देतील. १९३० सालीं मुलानें पहिला वर्ग मिळविला आणि वडिलांनीं शब्द पाळला. पुढें भाभा हे नामांकित भौतिकशास्त्रज्ञ झाले, हें आपण जाणतां. पण १९४५ सालीं त्यांनीं मूलभूत संशोधनाची संस्था उभारली, आणि १९५६ सालीं तुर्भ्यास ‘अप्सरा’ ही अणुभट्टी त्यांच्या नेतृत्वाखालीं सुरू झाली, त्या वेळीं इमारती, यंत्रें, खर्च आणि कारागीर ह्यांचा मेळ घालावयाचा होता. नुसत्या समीकरणांनीं तें होण्यासारखें नव्हतें. वडिलांच्या आग्रहाचीं तीं तीन वर्षें येथें व्याजासह परत मिळालीं, असें म्हणावयास हरकत नाहीं. ह्यांत बापानें आग्रह धरला हें महत्त्वाचें नसून, आग्रहाला मुदत घातली आणि ती संपल्यावर वाट मोकळी केली, हें महत्त्वाचें आहे.

विषय बदलणें म्हणजे वर्षें फुकट घालविणें, अशी एक भीति आपल्याकडे फार आहे. इरावतीबाई कर्वे ह्यांनीं फर्ग्युसन कॉलेजांत तत्त्वज्ञान घेऊन १९२६ सालीं पदवी मिळविली. मग मुंबईस डॉ. घुर्ये ह्यांच्या हाताखालीं समाजशास्त्र घेतलें. मग बर्लिनला जाऊन मानवी कवटीच्या दोन बाजूंमधील असमानतेवर प्रबंध लिहिला. तत्त्वज्ञान कोठें आणि कवट्यांचीं मापें कोठें! परंतु पुण्यास डेक्कन कॉलेजांत १९३९ पासून त्यांनीं जें काम केलें, त्यांत हीं सर्व वळणें एकत्र आलेलीं दिसतात. हिंदुस्थानांतील निरनिराळ्या प्रांतांतील नात्यागोत्यांची रचना त्यांनीं तपासली ती समाजशास्त्रज्ञाच्या नजरेनें. माणसांचीं शरीरें मोजलीं तीं मानवशास्त्रज्ञाच्या शिस्तीनें. आणि ‘युगान्त’ ह्या पुस्तकांत महाभारतांतील माणसांना जाब विचारला तो तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थिनीच्या निर्भयपणानें. ह्यांतला कोणताहि एक विषय वगळला असता तर त्या इरावतीबाई राहिल्या नसत्या.

वळणाला दुसरीहि बाजू आहे, तीहि सांगितली पाहिजे. प्रत्येक विषय माणसाला एक डोळा देतो आणि थोडा दुसरा डोळा झांकतो. ज्याची सारी नजर जमाखर्चांत मुरली, त्याला वहींत न येणारा तोटा दिसत नाहीं. ज्याला सर्व कांहीं मोजावयाची संवय झाली, तो मोजतां न येणारी गोष्ट नाहींच असें समजूं लागतो. आणि ज्याला प्रत्येक प्रश्नाच्या दोन बाजू पाहण्याचें शिक्षण मिळालें, त्याला निर्णय करण्याची वेळ आली कीं घाम फुटतो. म्हणून शहाणे लोक आपला धंदा दुसऱ्या वळणाच्या माणसाबरोबर करतात. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० सालाच्या सुमारास उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील ह्यांचें शाळेचें शिक्षण फारच थोडें होतें. पण कोणता शेतकरी कशानें भितो आणि कशानें भुलतो, हें त्यांना ठाऊक होतें. धनंजयराव गाडगीळ हे केंब्रिजला अर्थशास्त्र शिकलेले, पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक. भांडवल, कर्ज आणि सहकार ह्यांची घडी कशी बसवावयाची हें त्यांना ठाऊक होतें. गाडगीळ त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. पदवीवाला आणि पदवीवांचूनचा, दोघांनीं एकमेकांचा झांकलेला डोळा भरून काढला.

आतां ज्या घरांत येत्या निकालानंतर ही चर्चा होणार आहे, त्यांनीं काय करावें? माझ्या मतें तीन प्रश्न विचारावे. पहिला प्रश्न दाराचा: मुलाच्या मनांत जो धंदा आहे त्याला अमुकच विषय लागतो काय? लागत असेल तर त्याला फांटा देऊं नये. लागत नसेल तर उगीच सक्ति करूं नये. घरची स्थिति बेताची असेल, तर विषय कोणताहि असो, त्याला निदान एक तरी दार हमखास आहे, एवढी खात्री करून घ्यावी. ही कद्रूपणाची गोष्ट नव्हे, जबाबदारीची आहे. दुसरा प्रश्न वळणाचा: हा विषय रोज जें करावयास लावतो, तें ह्या मुलाला करवतें काय? विषयाचें नांव आवडणें वेगळें आणि त्या विषयाचें काम आवडणें वेगळें. इतिहास आवडतो म्हणणाऱ्या मुलाला जुन्या कागदांत तासन् तास डोकें घालतां येतें काय, संगणक आवडतो म्हणणाऱ्या मुलीला एकच चूक दिवसभर शोधण्याचा धीर आहे काय, हें पाहावें. हें पाहण्यासाठीं त्या विषयाचें एखादें क्रमिक पुस्तक महिनाभर घरीं आणून ठेवावें. नातलगांच्या दहा बैठकींनीं जें कळत नाहीं तें त्यानें कळतें. तिसरा प्रश्न परतीच्या वाटेचा: दोन वर्षांनीं हा विषय मानवला नाहीं, तर कोठें वळतां येईल?

हा तिसरा प्रश्न नुसता आईबापांनीं सोडविण्यासारखा नाहीं. सोळाव्या वर्षीं कला, वाणिज्य आणि विज्ञान अशा तीन कोठड्यांत मुलें कोंडावयाचीं आणि मधल्या भिंतींना खिडकीहि ठेवावयाची नाहीं, ही आपली जुनी रीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें ह्या भिंती पातळ करावयाचें ठरविलें आहे. मुख्य विषयाबरोबर दूरचा दुय्यम विषय घेतां यावा, आणि मिळविलेले श्रेयांक जमा राहून पुढें उपयोगी पडावे, अशी त्यांत योजना आहे. योजना कागदावर चांगली आहे. परंतु ज्या तालुक्याच्या कॉलेजांत मुख्य विषयालाच पुरेसे शिक्षक नाहींत, तेथें वाणिज्याच्या मुलीला मानसशास्त्र कोण शिकविणार? विषय निवडण्याचें स्वातंत्र्य शिक्षक नेमल्यानें मिळतें, नुसत्या परिपत्रकानें मिळत नाहीं. हा खर्च समाजानें उचलला नाहीं, तर परतीची वाट फक्त ज्यांना पुण्या-मुंबईचें भाडें परवडतें त्यांच्यासाठींच राहील.

ज्यांनीं आपला विषय पूर्वींच निवडला, किंवा ज्यांच्यासाठीं तो दुसऱ्यांनींच निवडला, असेहि पुष्कळ श्रोते हें भाषण ऐकत असतील. कोणी भूगोल शिकून विम्याचा धंदा करीत असतील, कोणी संस्कृत शिकून शाळेच्या कचेरींत हिशेब पाहत असतील. आपलें शिक्षण फुकट गेलें, असें त्यांना वाटत असेल. त्यांना एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, एकदां आपल्या रोजच्या कामाकडे नीट पाहावें. नकाशा वाचावयास शिकलेला मनुष्य विम्यासाठीं गांव हिंडतांना नदी कोणत्या बाजूनें चढते हें पाहतो. समास सोडवावयास शिकलेली बाई वहींतील गुंतलेली रक्कम तितक्याच शांतपणें सोडवते. दार चुकलें असेल. वळण चुकलेलें नसतें. तें ओळखतां आलें तर पन्नाशींतहि त्याचा उपयोग करतां येतो, आणि नवें कांहीं शिकावयाचें झालें तर त्याच वळणावरून आरंभ करतां येतो.

म्हणून, श्रोतेहो, मुलाला विषय निवडून देतांना त्याला पहिली नोकरी कोणती मिळेल एवढेंच न विचारतां, हा विषय शिकून माझा मुलगा, माझी मुलगी, कशा रीतीनें विचार करूं लागेल, हाहि प्रश्न विचारावा. नोकरी बदलेल, हत्यारें बदलतील. विचार करण्याची रीत मात्र त्यांच्याबरोबर जन्मभर राहणार आहे. ती निवडण्याच्या बैठकींत त्यांचेंहि मत सर्वांच्या आधीं ऐकून घ्यावें, इतकी विनंति करून मीं आपली रजा घेतों.